टिंबानंतरचा नऊ

डुलुथमध्ये पहाटे साडेपाचला, तळघरात,
हीटर खोकत असतो आणि मी लोकांचे मेंदू
आकड्यांत बसवत असते.
ताशी बारा केसेस. कमी भरल्या
तर शुक्रवारी शर्लीनचा फोन.

आज पहिलीच: सोर्विक, एल्मर. वय एकाहत्तर.
लोहखनिजाच्या बोटींवर चौतीस वर्षं, आता घरी.
नर्सने लिहून ठेवलंय :
नाश्त्याच्या टेबलावर त्याने काहीतरी मागितलं
आणि तोंडातून शब्द आला 'नांगर'.
हवं होतं मीठ.
पुन्हा 'नांगर'. मग चिडून, 'नांगर, डोरीन, नांगर!'
काखेत कळसा असावा तशी मिठाची बाटली
त्याच्या कोपराशीच होती.
उजवा हात बशीत पडून राहिला,
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
अकरा मिनिटं. डोरीनने घड्याळ लावून मोजली.
मग शब्द आला, हात आला,
आणि त्याने गार झालेल्या अंड्यावर मीठ घातलं.

डॉक्टर बेलांजर लिहितात : टीआयए, बहुधा.

बहुधा.
या एका शब्दावर माझी सकाळ अडते.
कारण नियम असा की आला आणि घरी गेला
त्याचं 'बहुधा' धरायचं नाही.
'संशय' नाही, 'शक्यता' नाही, 'नाकारता येत नाही' तर नाहीच.
पण भरती होऊन गेला असता
आणि निघतानाही कागदावर 'बहुधा'च असतं,
तर तेच 'बहुधा' खरं मानलं असतं.
एल्मर थांबला नाही. घरी कुत्रा एकटा होता.

म्हणून मी फक्त जे दिसलं ते लिहायचं :
वाचेत बिघाड. हाताला अशक्तपणा.
जसं कुणी वादळ लिहू नये,
फक्त पडलेलं झाड लिहावं.

मी डॉक्टरांना विचारते, कृपया स्पष्ट करावे.
तीन दिवसांनी उत्तर येतं. टीआयए.
'बहुधा' गळालेलं.
आणि आता दुसरा नियम : कारण सापडलं
की लक्षणं वेगळी मोजायची नाहीत.
मी वाचा पुसते. हात पुसते.
उरतं ते जी पंचेचाळीस, टिंब, नऊ.
टिंबानंतरचा नऊ म्हणजे अनिर्दिष्ट.
म्हणजे कुठेतरी काहीतरी अडलं होतं
आणि आपण पोचेपर्यंत वाहून गेलं.
'नांगर'ला रकाना नाही. तो मी शोधलाही नव्हता,
खोटं कशाला बोलू,
शोधला होता.

मार्चमध्ये तोच माणूस परत, गुडघ्याच्या इंजेक्शनला.
आता त्याला झेड शहाऐंशी, टिंब, त्र्याहत्तर लागतो :
पूर्वी होऊन गेलेलं,
मागे काही न उरलेलं.
खाली नर्सची नोंद, बोलघेवडी आहे ती,
की बायको रोज सकाळी मिठाची बाटली
टेबलाच्या पार टोकाला नेऊन ठेवते
आणि त्याने मागायची वाट बघते.
गेल्या मंगळवारी तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, 'नांगर.'
डोरीनच्या हातून किटली सुटली.
तो हसत होता. पाय तिचा भाजला.
तिचा कागद वेगळा, आणि भाजण्याला मात्र
भरपूर कोड आहेत : कुठला पाय, किती खोल,
गरम पाण्याने की कशाने, घरातल्या कुठल्या खोलीत.
कुणाच्या विनोदाने, तेवढं विचारत नाहीत.

साडेसहा. सहा केसेस मागे आहे मी.
जिन्याच्या तोंडाशी येऊन वर हाक मारते,
'रेयनो, काय करू नाश्त्याला?'
वर पावलं थांबतात.
एक.
दोन.
मी कठड्याला धरून मोजत असते.
तीन.
'टोस्ट,' तो म्हणतो. 'का गं?'